अकरणाचे क्रियापद : नकारातील समाप्ती आणि ऋण

१

शालेय व्याकरणात ‘वाक्यरूपांतर’ नावाचे एक प्रकरण असते. होकारार्थी वाक्य नकारार्थी करावे, मात्र अर्थ बदलू देऊ नये, अशी सूचना त्यात असते. ‘तो हजर होता’ याचे ‘तो गैरहजर नव्हता’ असे रूपांतर केले की गुण मिळतात. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतही याच धर्तीचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या अभ्यासामागे भाषेविषयीची एक निश्चित धारणा उभी आहे. नकार म्हणजे आशयाबाहेरचे एक चिन्ह; ते लावले की आशय उलटतो, पुन्हा लावले की पूर्ववत होतो, आणि या येरझारीत आशयाच्या अंगाला काही लागत नाही, अशी ती धारणा होय. गणितातील ऋणचिन्ह संख्येचे मूल्य न बदलता तिची केवळ दिशा बदलते, तसेच हे.

प्रस्तुत लेखात या धारणेची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी एक अगदी लहान, तांत्रिक वाटणारे उदाहरण घेऊ. भंडारा जिल्ह्यातील पवनीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी इंग्रजीतील ‘फ्रेझल व्हर्ब’ नावाच्या जोडक्रियापदांपाशी येतो, तेव्हा त्याची खरी अडचण होकारार्थी वाक्यात नसते. ती नकारार्थी वाक्यात उघड होते. ‘ही गेव्ह अप’ याचे नकारार्थी रूप ‘ही डिड नॉट गिव्ह अप’ असे होते. ‘डू’ हे साहाय्यक क्रियापद पुढे येऊन नकाराचा भार घेते आणि ‘अप’ हे अव्यय जागचे हलत नाही. ते वगळले तर ‘त्याने हार मानली नाही’ याऐवजी ‘त्याने दिले नाही’ असा भलताच अर्थ निघतो. मराठीत मात्र ‘त्याने नाद सोडून दिला’ याचा सहज नकार ‘त्याने नाद सोडला नाही’ असा होतो. होकारात असलेले ‘देणे’ नकारात गळून पडते आणि तरीही काही हरवल्यासारखे वाटत नाही. ‘त्याने नाद सोडून दिला नाही’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या अशुद्ध म्हणता येणार नाही. पण ते कोणी सहजासहजी उच्चारणार नाही. उच्चारलेच, तर ऐकणाऱ्याला वाटेल, की याआधी काही बोलणे झालेले असावे.

हा केवळ दोन भाषांच्या सवयींतील फरक म्हणून सोडून देता आला असता. परंतु जोडक्रियापदातील दुसरा घटक नकारात केव्हा गळतो आणि केव्हा टिकतो याचा शोध घेऊ लागलो, की आपण नकळत एका नैतिक प्रश्नापाशी पोहोचतो. ‘मी हे केले नाही’ असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा तो नेमके काय नाकारतो, आणि नाकारता नाकारता काय मान्य करतो?

२

प्रथम भाषिक वस्तुस्थिती नीट मांडली पाहिजे. धातुसाधित आणि सहायक क्रियापद मिळून जेव्हा एकाच क्रियेचा बोध होतो, तेव्हा त्या जोडीस संयुक्त क्रियापद म्हणावे, ही व्याख्या आपल्या परिचयाची आहे. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि त्यानंतर कृ. श्री. अर्जुनवाडकर यांच्या १९८७च्या ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’पर्यंत मराठी क्रियापदाच्या वर्गीकरणाची चर्चा सतत होत आली आहे. खरे संयुक्त क्रियापद कोणते आणि केवळ शेजारी उभ्या राहिलेल्या दोन क्रिया कोणत्या, हा या चर्चेतील एक चिवट प्रश्न आहे. ‘तो खाऊन गेला’ यात खाणे आणि जाणे अशा दोन क्रिया आहेत. ‘तो विसरून गेला’ यात जाणे नाहीच.

या प्रश्नासाठी नकार ही एक चांगली कसोटी ठरते. पुढील जोड्या पाहाव्यात. ‘त्याने सगळे खाऊन टाकले’, पण ‘त्याने काही खाल्ले नाही’. ‘ती विसरून गेली’, पण ‘ती विसरली नाही’. ‘तो भलतेच बोलून बसला’, पण ‘तो काही बोलला नाही’. टाकणे, जाणे, बसणे ही क्रियापदे होकारात क्रियेची तड लावतात. काम पुरते झाले, परतीची वाट उरली नाही, आणि बोलणाऱ्याला त्याविषयी काहीएक वाटते, हे सारे ती सुचवितात. ‘खाऊन टाकले’मध्ये एक सुटकारा किंवा तक्रार असते, ‘बोलून बसला’मध्ये पश्चात्तापाची किंवा दोषारोपाची छटा असते. नकार आला की ही सगळी छटा मावळते. हिंदीतही हेच घडते, हे पीटर हूक यांनी हिंदी संयुक्त क्रियापदावरील १९७४च्या ग्रंथात सविस्तर दाखविले आहे. हा गुणधर्म एकट्या मराठीचा नव्हे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

आता दुसऱ्या प्रकारची वाक्ये घेऊ. ‘त्याने मला पत्र वाचून दाखवले नाही’, ‘तिने माझे ऐकून घेतले नाही’, ‘बापाने काही लिहून ठेवले नाही’, ‘मालकाने घर बांधून दिले नाही’. येथे दुसरे क्रियापद गळत नाही. ही वाक्ये कोणाला खटकत नाहीत आणि त्यांच्याआधी काही बोलणे झालेले असावे असेही वाटत नाही. याचा अर्थ असा, की ‘देणे’ हे एकच क्रियापद दोन वेगळी कामे करते. ‘सोडून देणे’ यातील देणे समाप्तीचे आहे. ते नकारात गळते. ‘बांधून देणे’ यातील देणे कोणाला तरी उद्देशून आहे. ते नकारात टिकते.

हा भेद इंग्रजीतही अन्य मार्गाने आढळतो. ‘द हाऊस डिड नॉट बर्न डाउन’ या वाक्यात घर पेटले असण्याची शक्यता शिल्लक राहते. ते भस्मसात झाले नाही एवढेच सांगितले जाते. ‘ही डिड नॉट ईट अप हिज राइस’ असे म्हटले तर त्याने भात थोडाफार खाल्ला असावा असा समज होतो. समाप्तिवाचक अव्यय नकाराच्या तावडीत सापडले, की नकार मूळ क्रियेला सोडतो आणि समाप्तीला धरतो. उलट ‘ही डिड नॉट पे इट बॅक’ यातील ‘बॅक’ हे अव्यय समाप्ती सांगत नाही. घेतलेले परत करावयाचे होते ही गोष्ट ते सांगते. म्हणजे इंग्रजीचा विद्यार्थी ज्याला पाठांतराचा विषय समजतो, त्यात एक अर्थव्यवस्था आहे. मराठी ती क्रियापदाला गाळून किंवा राखून व्यक्त करते. इंग्रजी अव्यय जागीच ठेवते आणि ऐकणाऱ्यावर विवेकाची जबाबदारी टाकते.

३

समाप्तीचे क्रियापद नकारात का गळते? याचे सर्वात सरळ उत्तर असे, की जे घडलेच नाही त्याला शेवट नसतो आणि शेवटाची तऱ्हाही नसते. न खाल्लेला भात ‘टाकून’ खाल्ला की ‘घेऊन’ खाल्ला, हा प्रश्न उद्भवत नाही. जे. एल. ऑस्टिन यांनी सबबींविषयीच्या १९५६मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात असे सुचविले होते, की क्रियेला विशेषण जोडण्याची गरज ती क्रिया काही तरी वेगळ्या तऱ्हेने घडली तरच भासते. साध्या, नेहमीच्या कृतीला ‘जाणूनबुजून’ही लागत नाही आणि ‘चुकून’ही लागत नाही. संयुक्त क्रियापदातील दुसरा घटक हे एका अर्थी क्रियेचे विशेषणच आहे. क्रियाच अनुपस्थित असेल तर विशेषण अधांतरी राहते.

दुसरे उत्तर मराठीच्या रचनेतून मिळते आणि ते मला अधिक अर्थपूर्ण वाटते. इंग्रजी ‘नॉट’ किंवा हिंदी ‘नहीं’ ही अव्यये आहेत. मराठी ‘नाही’ हे क्रियापद आहे. ते वचनानुसार आणि पुरुषानुसार चालते : नाही, नाहीत, नाहीस; भूतकाळात नव्हता, नव्हती, नव्हते. नाही, नव्हे, नको, नये या सर्वांना आपल्या व्याकरणकारांनी ‘अकरणरूप क्रियापदे’ असे नाव दिले. हे नाव थांबून विचार करावा असे आहे. न करणे हे जिचे रूप आहे अशी क्रिया! ‘सोडून दिले’ यात ‘दिले’ ज्या जागेवर बसले होते, ती वाक्य पूर्ण करणाऱ्या क्रियापदाची जागा आहे. ‘सोडले नाही’ यात तीच जागा ‘नाही’ने घेतली आहे. एका समाप्तीच्या जागी दुसरी समाप्ती येते. करण्याचा शेवट जेथे व्हावयाचा, तेथे न करण्याचा शेवट होतो.

अर्थात हे स्पष्टीकरण पुरते नाही. जागा गेली म्हणून क्रियापद गेले असे असते, तर ‘बांधून दिले नाही’ हेही शक्य झाले नसते. शिवाय समाप्तीची क्रियापदेही काही ठिकाणी नकारात परत येतात. ‘पाय घसरून पडून जाऊ नकोस’, ‘विसरून जाऊ नकोस’ अशी काळजीची वाक्ये. ‘जोवर पाणी ओसरून जात नाही, तोवर’ अशी प्रतीक्षेची वाक्ये. ‘तुला असा सोडून देणार नाही’, ‘हे खपवून घेणार नाही’ अशी धमकीची वा निर्धाराची वाक्ये. आणि ‘मी त्याला मारून टाकले नाही’ असे आरोपाला दिलेले उत्तर. या सर्वांत साम्य काय? प्रत्येक ठिकाणी होकारार्थी वाक्य आधीच हवेत आहे. कोणी तरी ते बोलले आहे, कोणाला त्याची भीती आहे, कोणी त्याची वाट पाहत आहे, कोणी ते गृहीत धरून चालला आहे. नकार म्हणजे वस्तूविषयीचे विधान नसून दुसऱ्या विधानाविषयीचे विधान आहे, असे आंरी बर्गसाँ यांनी १९०७च्या ‘क्रिएटिव्ह एव्होल्यूशन’मध्ये प्रतिपादिले होते. सर्वच नकारांना हे लागू करणे अतिव्याप्त ठरेल. परंतु ज्या नकारात समाप्तीचे क्रियापद टिकून राहते, त्याचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. लॉरेन्स हॉर्न यांनी नकाराच्या इतिहासावरील १९८९च्या ग्रंथात वस्तुस्थितीला नाकारणारा नकार आणि कोणाच्या तरी बोलण्याला हरकत घेणारा नकार असे जे दोन प्रकार वेगळे केले, ते मराठीत पुष्कळदा क्रियापदाच्या रूपातूनच ओळखता येतात.

यातील नैतिक गुंतागुंत आता दिसू लागते. ‘मी त्याला मारले नाही’ हा नकार संपूर्ण आहे. ‘मी त्याला मारून टाकले नाही’ हा नकार आरोपातील एका शब्दापुरता आहे. पहिल्याने वक्ता क्रियेच्या बाहेर उभा राहतो. दुसऱ्याने तो क्रियेच्या आत उभा राहून तिच्या टोकाला हरकत घेतो. मारले असेल, टाकले नाही. आणि तरीही दुसरे वाक्य पहिल्याहून जोरकस वाटते, कारण ते लांब आहे आणि आरोपाचे शब्द त्यात जसेच्या तसे येतात. जोर अधिक आणि नाकारलेले कमी, अशी ही रचना आहे. जिथे जिथे कोणाला जाब विचारला जातो तिथे तिथे ती उपयोगी पडते.

४

पवनी हे वैनगंगेकाठचे फार जुने नगर आहे. जुन्या वस्तीला मातीचा तट आणि खंदक. तेथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले, जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले आणि ब्राह्मी लिपीतील लेखही हाती आले. याच तालुक्यात गोसेखुर्द येथे वैनगंगेवर धरण झाले. १९८८ साली त्याची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांतील अनेक गावे त्याच्या बुडित क्षेत्रात गेली. लाभक्षेत्र, बुडित क्षेत्र, प्रकल्पग्रस्त, पुनर्वसन, नवे गावठाण हे शब्द या भागात रोजच्या बोलण्याचे झाले. १९२१मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मुळशीच्या सत्याग्रहापासून महाराष्ट्राला हा प्रश्न परिचित आहे, आणि विश्वास पाटील यांच्या १९९१च्या ‘झाडाझडती’ने त्याला मराठी कादंबरीत ठळक जागा मिळवून दिली. येथे आपल्याला प्रकल्पाच्या लाभ-हानीचा हिशेब करावयाचा नाही. ज्या भूमीवर एक गाव पाण्याखाली जाते, त्या भूमीवर नकाराची वाक्ये कशी बनतात, एवढेच पाहावयाचे आहे. पुढील वाक्ये कोणा एकाची म्हणून उद्धृत केलेली नाहीत. ती मराठीत संभवणारी, आणि म्हणून कोणालाही बोलता येण्याजोगी वाक्ये आहेत.

‘गाव बुडाले’, ‘गाव बुडून गेले’, ‘गाव बुडवले’, ‘गाव बुडवून टाकले’. या चार होकारांत पाण्याची पातळी एकच आहे. कर्त्याची उपस्थिती आणि शेवटाची तीव्रता पायरीपायरीने वाढत जाते. पहिल्यात गाव आपोआप बुडते. दुसऱ्यात ते बुडते आणि बोलणारा हळहळतो. तिसऱ्यात कोणी तरी ते बुडवितो. चौथ्यात तो बुडवितो आणि बोलणारा संतापतो. आता चौथ्याचा नकार पाहा : ‘आम्ही गाव बुडवून टाकले नाही’. हे वाक्य खरे असू शकते. पूर्वसूचना दिली असेल, मोबदला दिला असेल, नवे गावठाण आखले असेल. ‘टाकले’ या शब्दात जो बेदरकारपणा आहे तो नाकारण्याचा वक्त्याला कदाचित अधिकारही असेल. पण त्या अधिकाराच्या आडून ‘बुडवले’ हा शब्द विनाचर्चा निसटून जातो. वाक्य संपल्यानंतर ऐकणाऱ्याच्या मनात ‘नाही’ घुमत राहते. ते कोणत्या शब्दाला लागले होते हे तो विसरतो.

याहून सूक्ष्म उदाहरण होणे आणि करणे यांचे आहे. ‘पुनर्वसन झाले नाही’ आणि ‘पुनर्वसन केले नाही’ ही दोन वाक्ये अहवालात एकमेकांच्या जागी येऊ शकतात. पहिल्यात एक घटना घडली नाही. पाऊस पडला नाही, तसे पुनर्वसन झाले नाही. न घडलेल्या घटनेला कर्ता शोधण्याची आवश्यकता भासत नाही. दुसऱ्यात कोणी तरी एक कृती केली नाही. आणि ज्याने ती केली नाही तो व्याकरणाने वाक्यात नसला तरी त्याची रिकामी जागा दिसते. न्यायदर्शनात अभावाचे ज्ञान प्रतियोगीच्या ज्ञानावाचून होत नाही असे म्हटले आहे : कशाचा अभाव, हे कळल्याशिवाय अभाव कळत नाही. नैतिक अभावाला आणखी एका गोष्टीची गरज असते. कशाचा अभाव एवढे कळून भागत नाही. तो भाव कोणाकडून यावयाचा होता, हेही कळावे लागते. ‘झाले नाही’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसरा प्रश्न विझवून टाकते.

यावर असा आक्षेप घेता येईल, की भाषेतील रूपांवर एवढा नैतिक भार टाकणे अन्यायाचे आहे. ‘झाले नाही’ म्हणणारा प्रत्येक जण जबाबदारी टाळत असतोच असे नाही. मराठीत अकर्तृक बोलणे ही सभ्यतेचीही रीत आहे. स्वतः सोसणारा माणूसही ‘आमचे काही झाले नाही’ असेच म्हणतो. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. रूप माणसाला दोषी ठरवीत नाही. पण रूप काय झाकू शकते हे ठाऊक असणे ही वाचकाची जबाबदारी आहे. सोसणाऱ्याच्या तोंडी ‘झाले नाही’ आले, तर त्यात कोणाचे नाव घ्यावे हे न उमगण्याची हतबलता असू शकते. ज्याने करावयाचे होते त्याच्या तोंडी तेच शब्द आले, तर त्यात नाव न घेण्याची सोय असू शकते. वाक्य एकच; त्याची नैतिक किंमत ते कोण कोणाला बोलतो यावर ठरते. साहित्याची समीक्षा ज्याला ‘निवेदकाचे स्थान’ म्हणते, त्याचा विचार म्हणूनच एकेका क्रियापदापर्यंत नेला पाहिजे.

५

आता नकारात न गळणाऱ्या ‘देणे’कडे वळू. ‘घर बांधले नाही’ आणि ‘घर बांधून दिले नाही’ यांत फरक कोणता? पहिल्या वाक्यात एक वास्तू अस्तित्वात नाही. दुसऱ्यात ती अस्तित्वात नाही, आणि ती ज्याच्यासाठी यावयाची होती असा कोणी माणूस अस्तित्वात आहे. ‘देणे’ काढून टाकले की वाक्याचा अर्थ सैल होत नाही. वाक्यातून एक माणूस नाहीसा होतो. म्हणून नकार त्याला गाळीत नाही. घर न बांधले गेल्याने त्या घराची समाप्ती नाहीशी होते, कारण समाप्ती क्रियेवर अवलंबून असते. ज्याला घर द्यावयाचे होते तो माणूस मात्र क्रियेवर अवलंबून नसतो. क्रिया घडो न घडो, तो आहेच. उलट, क्रिया न घडल्याने तो अधिकच ठळक होतो. दिलेले देणे फिटते, न दिलेले देणे उरते.

मराठीत ‘देणे’ हा शब्द क्रियापद म्हणून दान सांगतो आणि नाम म्हणून कर्ज सांगतो, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे आपण गणितातील उणे संख्येला ‘ऋण’ म्हणतो. लेखाच्या आरंभी ज्या ऋणचिन्हाचा उल्लेख केला, ते आशयाबाहेरचे निर्जीव चिन्ह आहे असे आपण तेथे तात्पुरते धरले होते. भाषेने मात्र त्या चिन्हाला उसनवारीच्या व्यवहारातून नाव दिले आहे. खात्यावर जे उणे दिसते ते शून्याहून निराळे असते. शून्य म्हणजे काही नसणे. उणे म्हणजे कोणाचे तरी काही असणे. ‘घर बांधले नाही’ हा शून्याचा नकार आहे. ‘घर बांधून दिले नाही’ हा उण्याचा नकार आहे.

पवनीसारख्या ठिकाणी मिळालेल्या प्राकृत दानलेखांची घडण या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. त्या काळच्या अशा छोट्या लेखांत सामान्यतः दात्याचे नाव षष्ठीत येते आणि त्यापुढे ‘दान’ हा शब्द येतो. अमक्याचे दान. क्रियापद नसतेच. दगड उभा आहे, त्यावर नाव आहे, म्हणून ‘दिले’ असे वेगळे सांगण्याची गरज नाही. सकार अशा रीतीने क्रियापदावाचून उभा राहू शकतो, कारण वस्तू त्याची साक्ष देते. नकाराला ही सवलत नाही. न दिलेल्या दानाचा दगड नसतो. जे दिले गेले नाही, त्याची साक्ष केवळ वाक्यच देऊ शकते. आणि त्या वाक्यात क्रियापद असावेच लागते, शक्य तर दोन असावी लागतात : एक काय करावयाचे होते ते सांगणारे, दुसरे कोणासाठी ते सांगणारे. दिल्याचे पुरावे पुरातत्त्व उत्खननात शोधते. न दिल्याचा पुरावा पुष्कळदा ज्याला मिळाले नाही त्याच्या बोलण्यात तेवढा असतो. ते बोलणे ऐकताना त्यातील दुसरे क्रियापद आपण संक्षेपासाठी गाळले, तर पुराव्याचा अर्धा भाग आपणच नष्ट करतो. सारांशलेखन करणाऱ्याने, अनुवादकाने आणि मुलाखती लिहून घेणाऱ्या संशोधकाने हे लक्षात ठेवावयास हवे.

६

आतापर्यंत दुसऱ्याच्या संदर्भातील नकाराचा विचार झाला. स्वतःविषयीचा नकार राहिला. ‘मी गाव सोडले नाही’, ‘मी गाव सोडणार नाही’, ‘मला गाव सोडवत नाही’. तिन्हींमध्ये माणूस गावातच आहे. न करणे हेही एक करणे असेल, ‘अकरणरूप क्रियापद’ हे नाव सार्थ असेल, तर ही तीन प्रकारची अकरणे आहेत.

मीमांसकांनी निषेधाचे प्रसज्यप्रतिषेध आणि पर्युदास असे दोन प्रकार मानले. पहिल्यात नकार विधीला लागतो; दुसऱ्यात तो विधीला न लागता धातूला किंवा नामाला लागतो, आणि त्यातून एक नवी भावरूप गोष्ट निष्पन्न होते. उगवत्या सूर्याकडे पाहू नये, या वचनाची त्यांनी केलेली चर्चा प्रसिद्ध आहे. ते वचन व्रतांच्या यादीत आलेले आहे. व्रत म्हणजे काही तरी करणे. मग न पाहणे हे व्रत कसे होईल? त्यांचे उत्तर असे, की येथे पाहण्याला केवळ मनाई केलेली नाही. न पाहण्याचा संकल्प विहित केला आहे. झोपलेला माणूस सूर्य पाहत नाही म्हणून तो व्रतस्थ ठरत नाही. न पाहणे त्याने पत्करलेले असावे लागते.

‘सोडले नाही’ हे झोपलेल्या माणसालाही लागू पडते. कोणी हलवले नाही म्हणून जो राहिला, त्यानेही गाव सोडलेले नसते. ‘सोडणार नाही’ हा संकल्प आहे. त्याला मीमांसकांच्या अर्थाने व्रत म्हणता येईल. आणि ‘सोडवत नाही’ हे या दोहोंपेक्षा वेगळे, खास मराठीचे रूप आहे. आपल्या व्याकरणात त्याला शक्य क्रियापद म्हणतात. पण पाहवत नाही, सांगवत नाही, राहवत नाही अशा प्रयोगांत ते मुख्यतः नकारातच जगते, आणि ‘राहवले’ असा एकटा होकार क्वचितच ऐकू येतो. इंग्रजीतील ‘पुट अप विथ’सारखी काही जोडक्रियापदेही अशीच बहुधा नकाराच्या संगतीत भेटतात. हा समान ओढा विचार करण्यासारखा आहे. सहन करण्याची क्षमता जोवर शाबूत असते तोवर तिला नाव लागत नाही. ती संपते तेव्हाच भाषा तिला हाक मारते.

‘सोडवत नाही’ या रूपात कर्ता ‘मी’ राहत नाही, ‘मला’ होतो. हा संकल्प नव्हे, कारण त्यात निश्चय नाही. आणि ही नुसती अनुपस्थितीही नव्हे, कारण त्यात धडपड आहे. ज्याला गाव सोडवत नव्हते आणि तरीही ज्याने ते सोडले, अशा माणसाचे वर्णन ‘त्याने गाव सोडले’ या वाक्याने होते आणि होतही नाही. कायद्याच्या दृष्टीने वाक्य पूर्ण आहे : ताबा दिला, मोबदला घेतला, स्थलांतर झाले. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने त्या वाक्याच्या पोटात एक अकरण शिल्लक आहे, ज्याची नोंद कोणत्याही रकान्यात होऊ शकत नाही. विस्थापनाच्या साहित्याने ही नोंद करावी अशी अपेक्षा आपण बाळगतो, तेव्हा ती भावुकतेची अपेक्षा नसते. कृतीच्या नोंदीत न मावणारे अकरण टिपणे ही भाषेच्या अचूकतेचीच मागणी आहे.

नकार हे आशयाबाहेरचे चिन्ह आहे, या शालेय धारणेपासून आपण निघालो होतो. ती धारणा समाप्तीच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरी ठरते : जे झाले नाही त्याची तड, त्याची तऱ्हा, त्याविषयीचा उसासा नकारात मावळतो, आणि तो मुद्दाम टिकवून धरलेला दिसला तर कोणी कोणाला उत्तर देत आहे हे ओळखून आपण सावध व्हावे. ऋणाच्या बाबतीत ती खोटी ठरते. ज्याला द्यावयाचे होते तो माणूस नकाराने पुसला जात नाही. नकारार्थी वाक्य वाचताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत : येथे कोणता शब्द गरज नसताना टिकला आहे, आणि कोणता शब्द गरज असताना गळला आहे? पहिल्या प्रश्नाने बचाव उघडा पडतो. दुसऱ्याने देणेकरी सापडतो. वाक्यरूपांतराच्या प्रश्नात ‘घर बांधून दिले’ याचे ‘घर बांधले नाही’ असे उत्तर कोणी लिहिले, तर नकार शुद्ध आहे म्हणून त्याला गुण द्यावेत की नाही, हा वाटतो तितका किरकोळ प्रश्न नाही.